शब्दबोध : सेपरेट

‘सेपरेट’ हे विशेषण ‘विलग करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आले आहे. अर्थ : वेगळा, स्वतंत्र, विलग. विशेषण म्हणून त्याचा उच्चार ‘सेप्रट’ असा आखूड होतो. क्रियापद असल्यास ‘सेपरेट’. स्पेलिंगमध्ये ‘पी’नंतर ‘ए’ येतो. तेथे ‘ई’ लिहिणे ही नेहमीची चूक.

‘डिफरंट’ म्हणजेही ‘वेगळा’. परंतु त्यातून भिन्नता सूचित होते, तर ‘सेपरेट’मधून अलगपणा. दोन खोल्या हुबेहूब सारख्या असल्या, तरी त्या ‘सेपरेट’ असतात.

चिमूरचे उदाहरण घ्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा ‘सेपरेट’ जिल्हा झाला. १९४२च्या क्रांतीमुळे ख्यातकीर्त झालेले चिमूर मात्र चंद्रपूर जिल्ह्यातच राहिले. वेगळ्या चिमूर जिल्ह्याची मागणी जुनी आहे. इंग्रजी निवेदनात ती ‘सेपरेट डिस्ट्रिक्ट’ अशीच मांडावी. ‘चिमूरला डिफरंट डिस्ट्रिक्टमध्ये ठेवा’ असे लिहिल्यास चिमूर दुसऱ्याच एखाद्या जिल्ह्याला जोडावे, असा अर्थ निघेल आणि मूळ मागणीच बाजूला पडेल. मराठीतील ‘वेगळा’ हे दोन्ही अर्थ पेलतो. इंग्रजीत मात्र निवड करावी लागते.