भवानी पेठेतलं नकली रेशीम

नऊवारी लुगड्याची पारख व्हायची ती काठावरून आणि पदरावरून. मधलं अंग सुती. रोजच्या धुण्यात, उन्हात, चुलीपुढे झिजायचं ते त्याने. काठाला आणि पदराला मात्र रेशीम, कारण चारचौघींची नजर जायची ती तिथेच. सोलापूर, इलकल, नारायणपेठ या पट्ट्यातल्या मागांवर पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत चालत आली. १९२० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत या काठातलं रेशीम बदललं. माग तेच राहिले, विणकर तेच राहिले, रुईफुलाचा काठही तोच राहिला. धागा मात्र इटली, इंग्लंड आणि पुढे जपानच्या कारखान्यांतून येऊ लागला. लाकडाच्या लगद्यापासून काढलेला तो धागा म्हणजे रेयॉन, बाजारच्या भाषेत नकली रेशीम. इलकलकडचे विणकर त्याला ‘चमका’ म्हणतात, आणि त्याच्या स्वभावाचं याहून नेमकं वर्णन करता येणार नाही.

सोलापूरच्या जुन्या गावाच्या पूर्वेला पसरलेली भवानी पेठ, तिच्यातली घोंगडे वस्ती आणि मड्डी वस्ती, आसपासची जोडभावी पेठ, साखर पेठ, अशोक चौक हा सगळा मागवाल्यांचा मुलूख. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि गिऱ्हाईक अक्कलकोट-इंडीकडचं निघालं तर कन्नड. इथली पद्मशाली कुटुंबं निजामाच्या राज्यातून, म्हणजे आजच्या तेलंगणातून आली. एकोणिसाव्या शतकात हा ओघ वाढत गेला. साळी, कोष्टी, मोमीन विणकरही या शहरात होतेच. हातमागाबद्दल बोलताना ‘शेकडो वर्षांची न बदललेली परंपरा’ असं म्हणायची एक सवय आपल्याला लागली आहे. या पेठांचा इतिहास त्या सवयीला फारशी दाद देत नाही. इथे दर दोन पिढ्यांनी काहीतरी बदललं आहे, आणि बहुतेक वेळा बदलला आहे तो धागा.

पहिला बदल सुताचा. १८६० मध्ये मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे सोलापूरला पोचली. मोरारजी गोकुळदास यांनी उभारलेली कापडगिरणी, जिला सोलापूरकर आजही ‘जुनी मिल’ म्हणतात, ती १८७७ मध्ये सुरू झाली. विलायतेचं सूत रेल्वेने दारात आलं होतं, आता गावातलंच गिरणीचं सूत आलं. हाताने कातलेल्या सुताला एकसारखी जाडी नसते. कुठे फुगीर, कुठे बारीक, आणि ताण बसला की नेमकं बारीक जागी तुटणार. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, हे फार नडतं. एक धागा तुटला की माग थांबतो. गिरणीचं सूत नंबरावर विकलं जाई, आणि त्या नंबराला ठाम अर्थ होता: एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस नंबर म्हटलं की ते सोलापुरात आणि मँचेस्टरमध्ये सारखंच. विणकराने हे सूत हातचं सोडलं नाही. यात गेल्या त्या कातणाऱ्या बायका. विणकरांच्या हलाखीवर सरकारी अहवालांत पानंच्या पानं सापडतात. गावोगावच्या कातणाऱ्यांच्या वाट्याला जेमतेम काही ओळी आल्या आहेत.

गिरणीच्या सुताबरोबर उधारीही आली. सूत रोख घेणं बहुतेकांना जमत नसे. सावकार किंवा कारखानदार सूत देणार आणि त्याच्याच हिशेबाने कापड उचलणार. दुष्काळात कापडाचं गिऱ्हाईक आटलं की ही साखळी तुटायची आणि माग उपाशी राहायचे. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी सोलापूर आणि नगरच्या विणकरांसाठी मदतीची योजना पुढे केली होती. खडी फोडायच्या दुष्काळी कामावर विणकराला पाठवलं तर त्याचे हात मागाच्या कामातून जातात, त्याला त्याच्याच धंद्यात काम द्या, असा त्यामागचा विचार. सरकारने साथ दिली नाही.

रंगांचं पारडं याच काळात फिरलं. आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांपासून निघणारा लाल रंग बसायला दिवसेंदिवस तेल, खार आणि ऊन यांच्या पाळ्या लागत. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८-६९ मध्ये प्रयोगशाळेत ॲलिझरिन बनवलं आणि पुढच्या काही दशकांत आलाची शेती संपल्यात जमा झाली. १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली, आणि चंद्रकळा लुगड्याचा काळा-निळा रंग शेतातून निघून डब्यात गेला. फॉसेट या अधिकाऱ्याने १८९६ मध्ये मुंबई इलाख्यातल्या रंगांवर पुस्तिका लिहिली. त्यातल्या जुन्या कृतींना नवे रंग तेव्हाच मागे सारत होते.

रेयॉनचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे, कारण इथे प्रश्न नकलेचा होता. त्याआधी एक मधली पायरी येऊन गेली होती, मर्सराइज्ड सुताची. कापसाचं सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढलं की त्याला चकाकी येते, हे १८९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये पक्कं झालं. स्वस्त लुगड्यांच्या काठात हे सूत रेशमाच्या जागी शिरलं. तरी त्याची चकाकी मंदच. रेयॉन आल्यावर तो फरक मिटला. किंबहुना रेयॉन रेशमाहून जास्त चमकायचं, दुकानात कंदिलाच्या उजेडात तर फारच.

वेळही जुळून आली. १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. सोलापुरी लुगड्याचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे दख्खनची कुणबीण, मराठीण, धनगरीण. तिच्या घरात रोकड उरली नाही. तरी लग्नाला लुगडं लागणारच, काठ चमकायलाच हवा. चिनी किंवा बंगाली रेशमाच्या किमतीच्या एका लहानशा भागात रेयॉन मिळू लागलं, तेव्हा सोलापूरच्या कारखानदारांनी ते उचललं. सोलापुरात एकट्या-दुकट्या घरच्या मागांबरोबर बरेच माग एका छपराखाली चालवणारे कारखानदार होते. गठ्ठ्याने माल घ्यायची, नवा धागा फसला तर तोटा सोसायची त्यांची ऐपत होती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४७ मध्ये काढलेल्या काकडे यांच्या पाहणीत या शहरातल्या विणकर समाजांची तपशीलवार नोंद आहे. दख्खनच्या हातमागाबद्दल काहीही लिहिण्याआधी ती वाचावी. डग्लस हेन्स या इतिहासकाराने अलीकडे मांडलेला मुद्दाही पटणारा आहे: हातमाग टिकला तो जुन्याला चिकटून राहिल्यामुळे नव्हे, गिऱ्हाइकाच्या खिशाकडे आणि आवडीकडे बघत बदलल्यामुळे.

नवा धागा मागावर सरळ बसत नाही, हे मात्र अहवालांत कमी आणि मागावर जास्त कळतं. रेयॉनचा मोठा दोष म्हणजे ते ओलं झालं की जवळजवळ निम्मी ताकद गमावतं. सुताचं उलट, ते ओलं असताना जास्त चिवट होतं. आता पांजणीचा विचार करा. ताणा रस्त्यावर लांबच लांब पसरायचा, खळ लावायची, कुंचा फिरवायचा, आणि ओल्या धाग्यांवरच ताण द्यायचा. सुताला हे मानवतं. रेयॉन तिथेच तुटतं. सोलापूर-इलकल पट्ट्यात अंगाचा ताणा आणि काठाचा ताणा वेगवेगळा तयार करायची पद्धत मुळातच होती, ती इथे कामी आली. काठाच्या ताण्याला पीळ जास्त, खळ हलकी, आणि हात जपून. पदराला आणखी एक मेख होती. इलकल पद्धतीत अंगाचा सुती ताणा आणि पदराचा रेशमी ताणा एकेक फास घालून जोडतात. नवा निसरडा धागा त्या फासातून सुटू पाहायचा. मोजमापाचीही नवी सवय लावून घ्यावी लागली. सुताचा नंबर वाढला की धागा बारीक, रेयॉनचं डेनियर वाढलं की धागा जाड.

घरी गेल्यावर धुण्याच्या दगडाने बाकीचं सांगितलं. ओल्या लुगड्यावर धोपटणं बसलं की आधी काठ विरायचा, अंग शाबूत राहायचं. रेशमी काठाच्या जमान्यात हे उलट होतं. अंग फाटलं तरी काठ राहायचा, तो उसवून दुसऱ्या लुगड्याला किंवा परकराला लावता यायचा. नकली रेशमाने बायकांना चमक स्वस्तात दिली आणि काठाचं दुसरं आयुष्य काढून घेतलं. हा सौदा तोट्याचाच होता असं म्हणवत नाही. ज्या घरात रेशमी काठ आयुष्यात एकदाच, लग्नात, येत असे तिथे तो आता सणालाही येऊ लागला.

१९३० चं सोलापूर म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातल्या मार्शल लॉचं सोलापूर. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली ते शहर. त्याच शहरात परदेशी धाग्याचे काठ विणले जात होते. गांधीजींच्या चरखा संघाच्या लेखी गिरणीच्या सुताचं हातमागी कापडसुद्धा खादी नव्हतं, मग नकली रेशमाची काय कथा. विणकरापुढचा पेच मात्र साधा होता: माग चालतो की नाही. तो पुढे महायुद्धाने सोडवला. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि तिकडचा माल बंद पडला. १९४३ मध्ये सूत आणि कापडावर सरकारी नियंत्रण आलं. स्वातंत्र्यानंतर कल्याणजवळ मोहोन्याची नॅशनल रेयॉन आणि शहाडची सेंच्युरी रेयॉन उभी राहिली. नकली रेशीम तेव्हा स्वदेशी झालं.

जरीची कथा समांतर चालते. अस्सल जर म्हणजे चांदीची तार ओढून, चपटी करून, रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा. पुण्यात आणि येवल्यात तारकसांची घरं यावर जगत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्स आणि जर्मनीची यंत्रावरची जर आली आणि ही घरं मोडली. सुरतेने विजेवर मुलामा द्यायचं तंत्र उचललं, १९३१ मध्ये परदेशी जरीवर संरक्षक जकातही बसली, आणि बाजार सुरतेकडे गेला. पुढे चांदीच्या जागी तांबं आलं, तांब्याच्या जागी ॲल्युमिनियमचा थर दिलेली पॉलिएस्टरची पातळ पट्टी आली. जुनी अस्सल जर जाळून चांदी गाळता येते, म्हणून जुन्या पैठणीला आजही खरेदीदार मिळतो. प्लास्टिकच्या जरीला कुणी विचारत नाही. बोहारीण तर मुळीच नाही.

बदलत्या धाग्याचा हा पेच एकट्या सोलापूरचा म्हणता येत नाही. ब्रुसेल्स आणि मेक्लिनच्या अठराव्या शतकातल्या लेससाठी हाताने कातलेलं लिननचं जे सूत वापरत, तितकं तलम सूत आज कुठेच निघत नाही. जुने नमुने पुन्हा करू पाहणाऱ्या बायका इजिप्शियन कापसाच्या किंवा रेशमाच्या धाग्यावर भागवतात. नक्षी कागदावर राहते, पण धागा जाड झाला की ती सगळीच मोठी करून बसवावी लागते. लेस करणाऱ्या हौसेने पर्याय शोधतात. सोलापूरच्या विणकराने तो पोटासाठी शोधला, म्हणून त्याच्या शोधाला कुणी कौशल्य म्हटलं नाही. ते म्हणायला हवं होतं.

साठ-सत्तरच्या दशकांत नऊवारी मागे पडली, नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या सहावारी आल्या. भवानी पेठेतल्या मागांनी लुगड्याचा नाद सोडला आणि यंत्रमागावर चादर, टॉवेल धरले. मोरपंखाच्या नक्षीची जॅकार्ड चादर दोन्ही अंगांनी पांघरता येते. वर्षानुवर्षं धुतली की ती नरम होत जाते, आणि याचं कारण एकच, ती सुती आहे. २००५ मध्ये सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांकाचं संरक्षण मिळालं. देशात ही नोंदणी नुकतीच सुरू झाली होती आणि महाराष्ट्रातून पहिल्या फेरीत गेलेला हा माल होता. त्यानंतरही पानिपतची जुन्या कपड्यांच्या धाग्यापासून केलेली ब्लँकेटं, सिंथेटिक मिंक आणि सोलापूरच्या नावाने विकली जाणारी मिश्र धाग्याची चादर बाजारात आहेतच.

इथे मात्र जुन्या रेयॉनचा दाखला देऊन चालणार नाही. १९३० च्या कुणबिणीला काठ नकली रेशमाचा आहे हे ठाऊक होतं. तिने किमतीवरूनच ते ओळखलं होतं आणि समजून घेतलं होतं. आज चादर घेणाऱ्याला पॉलिएस्टर किती हे कुणी सांगत नाही. धागा बदलण्यात गैर काही नाही. न सांगता बदलणं गैर आहे.

म्हणून सोलापुरी चादर घेताना कडेच्या दशीतला एक सुटा धागा दुकानदाराकडून मागून घ्या आणि काडी लावा. सूत असेल तर कागदासारखं जळून भुरभुरीत राख पडेल. पॉलिएस्टर असेल तर ते वितळून टोकाला कडक काळा मणी धरेल. रेयॉनही सुतासारखंच जळतं, पण चादरीत ते सहसा नसतं. धागा जाळू द्यायला दुकानदार तयार नसेल तर ‘शुद्ध सुती’ असं बिलावर लिहून मागा, आणि तेही जमत नसेल तर दुसरं दुकान पाहा.