रीपॅक : ग्रीस, बॅटरी आणि रात्रीची सायकल

मागच्या जानेवारीतली गोष्ट. शनिवारची रात्र, साधारण साडेनऊ वाजलेले. आम्ही तिघं माउंटन बाइक घेऊन सिंहगडाच्या पायथ्याजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर होतो. पुढे मी, माझ्या मागे कॉलेजपासूनचा मित्र आणि शेवटी त्याच्या ऑफिसातला एक जण. उतार लागला, दोन-तीन दगडांवरून सायकल उडाली आणि हँडलवरच्या माझ्या दिव्याने मान टाकली. समोरचा रस्ता गायब, सगळा उजेड माझ्याच पुढच्या चाकावर! मी घाबरून ब्रेक दाबला. मागच्याला ते कळायला अर्धा सेकंद उशीर झाला. मला चुकवायला गेला आणि हँडलवरून पुढे फेकला गेला. कॉलरबोन मोडलं. प्लेट बसवावी लागली, पुढे दोन महिने हात गळ्यात.

कारण काय, तर दिवा धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा एक स्क्रू सैल होता. आणि तो सैल आहे हे मला आठवडाभर आधीच माहीत होतं. "शनिवारी बघू" म्हणून सोडून दिलेला. ऑफिसात आम्ही याला 'नोन इश्यू' म्हणतो आणि पुढच्या रिलीजमध्ये ढकलतो!

मित्र काही बोलला नाही. उलट हॉस्पिटलात मलाच म्हणाला, "अरे, होतं असं." पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. त्याचा हात बरा होईपर्यंत शनिवार-रविवार मोकळेच होते, म्हणून या माउंटन बाइकचं खानदान शोधत बसलो. आणि पहिल्याच पानावर सापडलं की या खेळातल्या पहिल्या गाजलेल्या शर्यतीचं नावच मुळी एका मेंटेनन्सच्या कामावरून पडलं आहे. ही ती गोष्ट.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी आहे. तिथे माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर, आणि त्याच्या परिसरात जंगलातले कच्चे रस्ते. १९७०च्या दशकात तिथल्या काही पोरांना जुन्या भंगार सायकली घेऊन हे रस्ते उतरायचा नाद लागला. या सायकली म्हणजे १९३०-४०च्या काळातल्या, जाड फुगीर टायरच्या, बहुतेक श्विन कंपनीच्या. मूळच्या पेपर टाकायला आणि शाळेत जायला बनवलेल्या. वजन वीस किलोच्या आसपास. त्यांना ही मंडळी 'क्लंकर' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत खटारा. त्यांच्यातले बरेच जण एरवी रस्त्यावरच्या शर्यतींत धावणारे सायकलस्वार होते, त्यामुळे सायकल खोलायची कशी आणि जोडायची कशी हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

या खटाऱ्यांना ब्रेक होता तो मागच्या हबमध्ये. पायडल उलटं दाबलं की तो आतून आवळायचा. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका रस्त्यावर दोन मैलांच्या आसपासच्या अंतरात सुमारे १३०० फूट उतार आहे. तिथून एकदा खाली आलं की घर्षणाने हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि मागे धुराची रेघ निघायची. मग हब खोला, साफ करा, नवीन ग्रीस भरा आणि परत जोडा. या 'परत ग्रीस भरण्या'ला इंग्रजीत रीपॅक म्हणतात. म्हणून त्या रस्त्याचं नाव रीपॅक, आणि २१ ऑक्टोबर १९७६ रोजी चार्ली केलीने तिथे जी शर्यत भरवली तिचंही नाव रीपॅक. पहिली शर्यत अॅलन बाँड्स जिंकला. कारण सोपं आहे, न पडता खाली पोचलेला तो एकटाच होता :-)

पुढच्या काही वर्षांत तिथे वीसेक शर्यती झाल्या. गॅरी फिशरने नोंदवलेली ४ मिनिटं २२ सेकंद ही वेळ कुणालाच मोडता आली नाही. पण मला त्या वेळेपेक्षा तिथे चाललेलं 'टेस्टिंग' जास्त आवडलं. एकेकाला दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडायचे, घड्याळ लावून. म्हणजे ज्याचा पार्ट कमजोर त्याची वेळ वाईट, वाद नाही. मोडलं की दुसऱ्या दिवशी काहीतरी जास्त दणकट लावायचं. हबमधल्या ब्रेकच्या जागी ड्रम ब्रेक आले, मागे डिरेलर गिअर आले. या गिअरची आयडिया मात्र फक्त मरिनवाल्यांची नाही. डिसेंबर १९७४ मध्ये तिथल्याच एका सायक्लोक्रॉस शर्यतीला कुपर्टिनोहून काही जण आले होते, त्यांच्या फुगीर टायरच्या सायकलींना आधीच डिरेलर बसवलेले होते. त्यांच्या टोळीचं नाव मॉरो डर्ट क्लब. मॉरो म्हणजे काय? तर त्या उलट्या पायडलच्या ब्रेकचा एक ब्रँड! इथेही नाव ब्रेकवरूनच.

१९७७ मध्ये जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बनवली, ती पहिली ब्रीझर. १९७९ मध्ये केली आणि फिशरने मिळून 'माउंटनबाइक्स' नावाची कंपनी काढली, फ्रेम टॉम रिचीच्या. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर आली आणि ही सायकल कारखान्यात मोठ्या संख्येने तयार व्हायला लागली. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंग दाखल. भंगारातून ऑलिंपिक, वीस वर्षांत. असो.

आता रात्रीकडे वळू. माझ्या मते रात्रीच्या सायकलिंगचा इतिहास म्हणजे दिवा किती जड आणि किती बेभरवशाचा होता याचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सायकलला तेलाचे दिवे असायचे. इंग्लंडात बर्मिंगहॅमचा जोसेफ लुकास त्यात प्रसिद्ध. मग १८९२ मध्ये थॉमस विल्सन अमेरिकेत विजेच्या भट्टीत वेगळंच काही बनवायला गेला आणि हाती लागलं कॅल्शियम कार्बाइड. त्यावर पाणी पडलं की अॅसिटिलीन वायू निघतो आणि तो लखलखीत पांढरा जळतो. दिव्याच्या वरच्या टाकीत पाणी, खाली कार्बाइडचे खडे, मध्ये थेंबाथेंबाने पाणी सोडणारी चावी. उजेड तेलाच्या दिव्यापेक्षा कितीतरी चांगला. पण प्रत्येक फेरीनंतर आत उरलेला चुन्याचा राडा खरवडून काढायचा, बर्नरचं बारीक भोक तारेने साफ करायचं. नाही केलं तर दिवा पुढच्या अंधारात दगा देणार. म्हणजे 'मेंटेनन्स नाही तर उजेड नाही' हा नियम तेव्हापासूनचा.

त्यानंतर डायनॅमो. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा रात्री दिव्याशिवाय सायकल चालवली तर पोलीस धरायचे, हे घरातल्या आजोबा मंडळींकडून ऐकलं असेलच. टायरला घासून फिरणारी ती बाटली, तो घुर्रर्र आवाज आणि पायाला जाणवणारं ओझं. नेहमीचा डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॅटचा. डांबरी रस्त्यावर ठीक. पण वेग कमी झाला की उजेड कमी आणि थांबलं की काळोख. डोंगरात नेमकी उलटी गरज असते, जिथे वाट अवघड तिथे आपण हळू जातो आणि तिथेच जास्त दिसायला हवं. डायनॅमोचं डोंगरात जमलं नाही ते यामुळे.

डोंगरातल्या रात्रीला खरी चालना दिली ती २४ तासांच्या शर्यतींनी. १९९२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात लेअर्ड नाइटने '२४ अवर्स ऑफ कनान' ही शर्यत सुरू केली. टीम करून आळीपाळीने फेऱ्या मारायच्या, दिवसरात्र. पुढे १९९५ मध्ये युटामध्ये मोआबची २४ तासांची शर्यत सुरू झाली. अशा शर्यतीत रात्र टाळताच येत नाही, त्यामुळे दिवे सुधारावेच लागले.

तेव्हाचे दिवे हॅलोजनचे. इथे थोडं गणित करू (इंजिनिअर असल्यामुळे मोह आवरत नाही). हॅलोजन एका वॅटमागे साधारण २० ल्युमेन देतो. म्हणजे ३०० ल्युमेनसाठी १५ वॅट, आणि दोन तासांसाठी ३० वॅट-तास ऊर्जा. लेड-अॅसिड बॅटरीत एका किलोत जवळपास एवढीच ऊर्जा मावते. म्हणजे एक किलोचं धूड, बाटलीच्या स्टँडमध्ये! आज एलईडी एका वॅटमागे १०० ल्युमेन आरामात देतो. तोच उजेड तितकाच वेळ हवा तर ६ वॅट-तास पुरतात आणि ते पन्नासेक ग्रॅमच्या एका लिथियम-आयन सेलमध्ये बसतात, वर शिल्लक उरते. वीसपट हलकं झालं सगळं. सोनीने लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आणली. १९९३ मध्ये निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी तेजस्वी निळा एलईडी करून दाखवला आणि त्यातून पुढे पांढरा एलईडी आला. निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल नाकामुरांना अकासाकी आणि आमानो यांच्याबरोबर मिळालं. आपण रात्री डोंगरात मजा करतो ती या मंडळींच्या जिवावर.

पण दिवा वीसपट हलका झाला म्हणून स्क्रू आपोआप घट्ट होत नाही. हे मला त्या जानेवारीत कळलं.

तर ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी, माझ्या चुकांतून गोळा झालेलं थोडं :

दिवे दोन हवेत, एक हँडलवर आणि एक हेल्मेटवर. हँडलचा दिवा खालून येतो, त्यामुळे दगडांच्या सावल्या पडतात आणि खड्डा किती खोल ते समजतं. हेल्मेटचा दिवा मान वळेल तिकडे बघतो, वळणावर तोच कामाचा. शिवाय एक गेला तर दुसरा आहे. माझ्याकडे त्या रात्री एकच होता. सर्व्हरला बॅकअप ठेवणारा माणूस मी!

पहिली रात्र दिवसा चार-पाच वेळा केलेल्याच वाटेवर करा. एकट्याने जाऊ नका. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका, आणि आपल्याकडे संध्याकाळनंतर डोंगराकडच्या वाटांवर बिबट्याचाही हक्क असतो हे विसरू नका. दोन सायकलींत एरवीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा (हे आम्ही ठेवलं नव्हतं). चढावर दिवा मंद ठेवा, उतारासाठी बॅटरी वाचते.

सायकलचं म्हणाल तर चेन कोरड्या फडक्याने पुसून एकेका कडीवर थेंबभर तेल, मग जास्तीचं पुसून टाकायचं. चेनचे बारा इंच फूटपट्टीने मोजा. नव्या चेनमध्ये चोवीस पिना बरोबर बारा इंचांत बसतात, एक षोडशांश इंच जास्त भरलं की चेन बदलायची वेळ झाली. डिस्क ब्रेकच्या आसपास स्प्रेचं तेल कधीही मारू नका, एक फवारा पॅडवर गेला तरी ब्रेक संपला समजा. दिव्याचा सेल महिनाभर वापरणार नसाल तर अर्धा चार्ज करून थंड जागी ठेवा. आणि निघण्याआधी सायकल जमिनीपासून चार-पाच इंच उचलून सोडा. जे काही सैल असेल ते खडखडून स्वतःच सांगतं. पाच सेकंदांचं काम.

आमच्या पेठेतले सायकलवाले काका या सगळ्याला 'ओव्हरऑइल' म्हणतात. मूळ शब्द ओव्हरहॉल, पण त्यांचाच शब्द जास्त बरोबर वाटतो. माझी जुनी सायकल त्यांनी एकदा हबपर्यंत खोलली, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, मोजले, बोटाने नवीन ग्रीस भरलं आणि कोन आवळला. म्हणजे रीपॅकच केलं की! मरिनचं नावही त्यांनी ऐकलेलं नसेल.

मित्र गेल्या पावसाळ्यानंतर परत यायला लागला. पहिल्या रात्री निघताना त्याने काही न बोलता माझ्या हँडलवरचा दिवा धरून हलवून बघितला. मग हेल्मेटवरचाही. हलला नाही. "चल, पुढे हो," म्हणाला.

आता दर शुक्रवारी रात्री ॲलन की घेऊन बसतो. बायको विचारते, एवढं काय आवळतोस रोज रोज? तिला सांगितलं, हा वरचा एक स्क्रू आहे ना, तो माझा नाही, माझ्या मागे येणाऱ्याचा आहे.