बोलून विचार करणारा मुलूख

मराठी पॉडकास्ट म्हटले की आज ‘थिंक बँक’, ‘अमुक तमुक’, ‘मित्रम्हणे’ अशी नावे पटकन ओठांवर येतात. समोरासमोर दोन खुर्च्या, दोन माईक आणि तास-दीड तास चाललेले बोलणे. विषय भाषेचा, जातीचा, शेतीचा, शिक्षणाचा. हा प्रकार बाहेरून आला आणि आता पुण्या-मुंबईहून जिल्ह्याजिल्ह्यांत झिरपतो आहे, असे सर्रास मानले जाते. यंत्रापुरते ते खरेही आहे. पण नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर त्या समजुतीला छेद जातो. या भागात विचार आधी बोलला गेला आणि नंतर, जमलेच तर, छापला गेला. भाषा, प्रांत आणि समाज यांवरचे लांबलचक बोलणे हा इथे रिकामटेकड्यांचा उद्योग कधीच नव्हता. बराच काळ सार्वजनिक विचाराचे तेच मुख्य वाहन होते. असे का झाले, त्याची कारणे ठोस आणि राजकीय आहेत.

मुख्य कारण निजामाचे राज्य. आजचा नांदेड जिल्हा आणि लातूर जिल्ह्याचा जवळजवळ सगळा भाग हैदराबाद संस्थानात होता. लातूर, औसा उस्मानाबाद जिल्ह्यात. उदगीर, निलंगा, अहमदपूर बीदर जिल्ह्यात. लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले ते उर्दू माध्यमाचे, आणि कोर्टकचेरीची भाषाही उर्दूच. घरी मराठी, कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला शिकायचे तर उर्दूच्या दारातून जावे लागे. देशी भाषेतले उच्च शिक्षण म्हणून उस्मानियाचे कौतुक होते आणि ते अगदीच गैरलागू नाही. पण संस्थानातल्या बहुसंख्य प्रजेची भाषा उर्दू नव्हती, हेही तितकेच खरे. त्यावर ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने जाहीर सभेला सरकारी परवानगीची अट घातली. खासगी शाळांवर वेगळे निर्बंध होते. वर्तमानपत्रे निघत ती बंदीच्या छायेत; आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ पत्राला तर नावे बदलत निघावे लागले. १९५१च्या जनगणनेतसुद्धा हैदराबाद राज्यातल्या साक्षरांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतच होते. जिथे छापायला मुभा नाही आणि छापलेले वाचायला माणूस नाही, तिथे बोलण्यावाचून उरते काय?

या पार्श्वभूमीवर १९३७ साली परतूरला भरलेली महाराष्ट्र परिषद आणि पुढच्याच वर्षीचे तिचे लातूरचे अधिवेशन यांचे मोल कळते. ठरावांची भाषा सौम्य, अर्जविनंतीची होती. मातृभाषेतून शिक्षण द्या, सभेचे स्वातंत्र्य द्या, एवढेच मागणे. पण लोक शेकड्यांनी एकत्र बसून आपल्या भाषेबद्दल आपल्याच भाषेत बोलत होते, ही गोष्ट ठरावांपेक्षा मोठी होती. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती धड उभी राहण्याआधीच बंदी आली आणि ती १९४६पर्यंत उठली नाही. त्या आठ वर्षांत चर्चा राष्ट्रीय शाळांच्या आवारात चालली, वाचनालयांत चालली, सरहद्दीपलीकडच्या गावांत चालली. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईत शिक्षक असलेले स्वामी रामानंद तीर्थ याच वातावरणातून पुढारी झाले. उदगीरला आर्य समाजाचे मोठे ठाणे होते. भाई श्यामलाल हे तिथलेच. ते १९३८ साली बीदरच्या तुरुंगात वारले. आर्य समाजाचे प्रचारक भजने म्हणत, शास्त्रार्थ करत, आव्हाने देत, आणि हे सगळे पुष्कळदा उर्दूमिश्रित हिंदीत. म्हणजे निजामाविरुद्धची भाषणेही काही वेळा निजामाच्याच भाषेला जवळच्या भाषेत होत. या मुलखाची गंमत अशी की इथे कोणतीही भाषा कोणा एकाच पक्षाची राहत नाही. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी संस्थानच्याच नोकरीत राहून फार्सी-उर्दूचे जाणकार झाले, गोंडीचे व्याकरण लिहिले आणि पुढे मराठ्यांच्या इतिहासाकडे वळले.

वादाची सवय या सभा-परिषदांहून जुनी आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे-उंटांच्या बाजाराइतकीच तमाशाच्या फडांची गर्दी असते. त्या शाहिरीच्या परंपरेतला कलगी-तुरा हा तर उघड वादविवादच. कलगीवाले शक्तीचा पक्ष घेत, तुरेवाले शिवाचा. एका बाजूने भेदिक लावणीतून कोडे घालायचे, दुसरीने ते तिथल्या तिथे, रचून, चालीत सोडवायचे. उत्तर अडले तर हार, आणि हारजीत ठरवायला समोर जाणते श्रोते. पुराणांचा अभ्यास, हजरजबाबीपणा आणि प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकून घेण्याची शिस्त, तिन्ही त्यात लागत. आजच्या पुष्कळ मुलाखतींत तिसरी गोष्ट सापडत नाही.

१९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानावर पोलीस कारवाई झाली आणि बोलण्यावरची बंधने गेली. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्या कॉलेजाचे आणि गावाचे जे बौद्धिक वातावरण पुढची तीस वर्षे टिकले, त्याचा इतिहास ग्रंथसूचीवरून लिहायला गेले तर अर्धा हाती लागतो. नरहर कुरुंदकर ज्यांना गुरू मानत, ते भालचंद्र महाराज कहाळेकर यांची कीर्ती लिहिण्यापेक्षा बोलण्याची होती. खुद्द कुरुंदकर उस्मानियाच्या परीक्षांत अडखळले, नांदेडला शाळामास्तर झाले, मग पीपल्स कॉलेजात आले, पुढे प्राचार्य झाले. सौंदर्यशास्त्र, मनुस्मृती, शिवाजी महाराज, फाळणी, मुस्लिम राजकारण, संगीत यांवर ते बोलत आणि ते बोलणे मागाहून ग्रंथरूप घेई. मनुस्मृतीवरचे त्यांचे पुस्तक व्याख्यानांतून उभे राहिले. ‘श्रीमान योगी’ची त्यांची गाजलेली प्रस्तावना म्हणजे रणजित देसाईंना लिहिलेले लांबलचक पत्र. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावर असतानाच ते गेले. वय पन्नाशीच्या आतले. इतका मोठा माणूस इतक्या लवकर गेला म्हणजे काय हरवले, तर केवळ न लिहिलेली पुस्तके नव्हेत. बोललेले पण कोणी टिपून न ठेवलेले पुष्कळसे हरवले.

यावर एक रास्त आक्षेप येतो. व्याख्यान म्हणजे संवाद नव्हे. एक बोलतो, हजार ऐकतात. त्याला पॉडकास्टचा पूर्वज म्हणणे ओढूनताणून होईल. आक्षेप अर्धा बरोबर आहे. मराठवाड्याला वक्त्यांचे वेड फार, आणि त्या वेडापायी श्रोता नुसता टाळ्यांपुरता उरला हेही कबूल करावे लागेल. पण कुरुंदकरांची मांडणी पाहा. प्रतिपक्षाचे म्हणणे ते त्याच्यापेक्षा बळकट करून आधी मांडतात आणि मगच खोडायला घेतात. समोर न बसलेल्या माणसाशी चाललेला तो संवादच आहे. आणि खराखुरा, दोन्ही बाजूंनी बोललेला संवाद हवा असेल तर नांदेडच्याच दत्ता भगतांचे ‘वाटा-पळवाटा’ हे १९८०च्या दशकातले नाटक उघडावे. एका प्राध्यापकाचे घर. आंबेडकरांना मानणारे म्हातारे काका, मधल्या पिढीचा सतीश, तरुण आणि संतापलेला अर्जुन, आणि सतीशची ब्राह्मण बायको हेमा. प्रश्न असा की चळवळीने आता कोणती वाट धरायची. हाणामारी नाही, नेपथ्याची करामत नाही. माणसे बोलतात, एकमेकांना अडवतात, चुकीचे ठरवतात आणि कोणीही संपूर्ण बरोबर ठरत नाही. दलित चळवळीतला अंतर्गत वाद इतक्या उघडपणे रंगमंचावर आणणारे नाटक नांदेडच्या माणसाने लिहावे, हा योगायोग मानता येत नाही. तिकडे लातूरला प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी १९७८ साली अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर ग्रंथ लिहून इथल्या जातीच्या चर्चेला सातासमुद्रापलीकडचा साक्षीदार मिळवून दिला होता.

दुसरा आक्षेप मात्र जिव्हारी लागणारा आहे. एवढा बोलका, एवढा वादपटू मुलूख, तर १९७८ साली काय झाले? २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्याला त्याची झळ फार बसली. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची क्रूर हत्या झाली. ज्या ‘मराठवाडा’ पत्राने निजामाशी झुंज दिली, त्याचे संपादक अनंत भालेराव नामांतराच्या विरोधात उभे राहिले. मराठवाड्याची अस्मिता विरुद्ध बाबासाहेबांचे नाव, अशी मांडणी व्यासपीठांवरून झाली. ज्यांची घरे जळत होती त्यांना त्या व्यासपीठांवर जागा नव्हती. गावच्या पारावर आणि चावडीत बसण्याचा हक्कच ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेला, त्यांनी त्या ‘खुल्या चर्चे’त बोलायचे कुठून? नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ला, साडेपंधरा वर्षांनी, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे निघाले. बोलण्याची परंपरा माणसाला आपोआप शहाणे करत नाही, हे या प्रकरणाने सिद्ध केले. पण त्यावरून परंपराच पोकळ होती असे मात्र म्हणता येणार नाही. ती अपुरी होती, कारण बैठकीत कोण बसणार हे आधीच ठरलेले होते. बायकांचेही तेच. त्यांचे बोलणे जात्यावर चालले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हां यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या तेव्हा कुठे कळले की जातीवर, नवऱ्यावर, देवावर आणि बाबासाहेबांवर बायकांची मते किती स्वच्छ होती.

रेडिओने ही उणीव भरली नाही. परभणीचे आकाशवाणी केंद्र १९६८ साली सुरू झाले, नांदेडचे त्यानंतर वीसेक वर्षांनी. शेतीच्या कार्यक्रमांनी पुष्कळ काम केले, पण सरकारी माईकसमोर वादाला मुभा नव्हती आणि बोलीला प्रवेश होता तो विनोदापुरता किंवा श्रुतिकेतल्या गड्यापुरता. ‘काय करलालास?’, ‘येलालाव का?’ हे लातूर-उदगीरकडचे रोजचे बोलणे. ‘कामून’ हे नांदेडकडचे ‘का’. गंभीर विषय आला की हीच माणसे कॉलर सावरावी तशी भाषा सावरतात. साहित्याने ही कोंडी आधी फोडली. लातूर तालुक्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे यांनी १९७१च्या ‘पाचोळा’त सबंध कादंबरी पार्वतीच्या तोंडून, तिच्या बोलीत सांगितली, आणि दुःखाला प्रमाणभाषेची परवानगी लागत नाही हे दाखवले. तरी पुढची पन्नास वर्षे शिक्षण, न्याय, इतिहास यांची चर्चा बोलीत करायला कोणी धजावले नाही. २०२२च्या एप्रिलमध्ये उदगीरला ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि त्याच दिवसांत विद्रोही संमेलन, अशी दोन्ही भरली. वाद तिथेही झडले. मात्र ज्या गावाच्या बाजारात मराठी, कन्नड, उर्दू आणि लमाणी रोज एकमेकींत मिसळतात, तिथल्या मांडवांत प्रमाण मराठीचाच अंमल राहिला.

आता यंत्राकडे येऊ. दोन माणसे तासभर बोलतात यात नांदेड-लातूरला नवे काही नाही. नवे आहे ते एवढेच की बोललेले टिकते, त्याला परवानगी लागत नाही, आणि सभागृहाच्या समितीला विचारल्याशिवाय कोणीही बोलू शकतो. या भागाचा सगळ्यात मोठा तोटा जिथे झाला, नेमकी तिथेच ही सोय आली आहे. तिचे धोके नाहीत असे नाही. तासाच्या संभाषणातले चाळीस सेकंद कापून रील फिरवली की कलगी उरते आणि तुरा गायब होतो. पुण्या-मुंबईच्या नकलेत बोली पुन्हा बाहेरच राहण्याचा संभवही आहे. शिकवण्यांच्या लातुरात तर यशस्वी माणसाची मुलाखत म्हणजे गुणांची जाहिरात, असे समीकरण व्हायला वेळ लागणार नाही. पण धोके आहेत म्हणून साधन टाकायचे नसते. छापखान्यातूनही कमी विष बाहेर पडलेले नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना, ग्रंथालयांना आणि हाती फोन असलेल्या प्रत्येकाला सांगणे एकच. पाहुणे शोधायला पुण्याला जाऊ नका. १९४८ साली जो वीस वर्षांचा होता तो आज शंभरीच्या घरात आहे आणि १९७८ची होळी वयात आल्यावर पाहिलेली माणसे सत्तरीच्या आसपास. उदगीरचा उर्दू शाळेत शिकलेला मराठी म्हातारा, माळेगावच्या यात्रेतला उरलासुरला भेदिक शाहीर, टेंभुर्णीच्या पंचक्रोशीत १९७८च्या ऑगस्टमध्ये घर सोडून पळालेली बाई, यांच्यासमोर फोन ठेवा, त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू द्या आणि कापाकापी न करता सगळे जपा. ही माणसे आहेत तोवरच हे काम होईल.