मोटारसायकल शर्यतींच्या माहितीपटाची कुळकथा

व्यावसायिक मोटारसायकल शर्यतींवरचा माहितीपट हा शर्यतींपेक्षा बराच धाकटा. आयल ऑफ मॅन बेटावरची टूरिस्ट ट्रॉफी, म्हणजे टीटी, १९०७ साली सुरू झाली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९४९ साली. पडद्यावर या शर्यती आधी आल्या त्या वार्तापटांतून. मुख्य चित्रपटाआधीच्या त्या काही मिनिटांत सुरुवात, एखादे वळण, एखादी पडझड आणि विजेत्याचा सत्कार एवढेच मावे. जड कॅमेरा रस्त्याच्या कडेला तिपाईवर उभा असे. टीटीची डोंगरी फेरी सुमारे ६० किलोमीटरची आणि स्वार थोड्या थोड्या अंतराने सोडले जाणारे. त्यामुळे कॅमेऱ्यासमोरून गाडी क्षणात निघून जाई आणि शर्यत कुठे फिरली ते कळत नसे.

ही मर्यादा ओलांडली ती अमेरिकेत, ब्रूस ब्राउन यांच्या १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ने. लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांवरच्या ‘द एन्डलेस समर’ने त्यांचे नाव आधीच झाले होते. नव्या चित्रपटाला अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांनी पैसा पुरवला. मॅक्वीन स्वतः शर्यतींत उतरत आणि या चित्रपटातही गाडी चालवताना दिसतात.

ब्राउन यांनी एका शर्यतीऐवजी एका स्वाराचा हंगाम निवडला. मर्ट लॉविल हे १९६९ चे अमेरिकी राष्ट्रीय विजेते. त्या अजिंक्यपदात मातीच्या लांब-आखूड धावपट्ट्यांपासून डांबरी रस्त्यापर्यंत पाच प्रकारच्या शर्यतींचे गुण एकत्र धरले जात, म्हणून वर्षभर गावोगाव फिरावे लागे. आपली हार्ले-डेव्हिडसन लॉविल स्वतः खोलत आणि जुळवत. १९७० मध्ये गाडीने पुन्हा पुन्हा दगा दिला आणि विजेतेपद जीन रोमेरो यांच्याकडे गेले. वार्तापटाने ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते असा हरणारा माणूस येथे नायक झाला.

तंत्रही खटपटीतून घडले. स्वाराच्या नजरेतला रस्ता दाखवण्यासाठी हेल्मेटवर कॅमेरा बसवला गेला. अतिमंद गतीची दृश्ये टिपणारे महागडे कॅमेरे परवडणारे नव्हते, म्हणून १२ व्होल्टच्या कॅमेऱ्यांना २४ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडल्या. फिल्म वेगाने फिरली आणि पडद्यावर चाकाखालची माती संथपणे उडताना दिसली. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर नामांकन मिळाले.

त्याच सुमारास युरोपात जेरोम लापेरुसाझ यांचा ‘कॉन्टिनेंटल सर्कस’ आला. त्याच्या केंद्रस्थानी ऑस्ट्रेलियाचे जॅक फिंडले होते. कारखान्याचे पाठबळ नसलेले असे स्वार आपली गाडी घेऊन देशोदेशी फिरत आणि एम.व्ही. अगुस्तावर बसलेल्या जाकोमो अगोस्तिनींशी झुंजत. शर्यतीचे अर्थकारण या चित्रपटाने पडद्यावर आणले.

१९९२ पासून जागतिक अजिंक्यपदाचे व्यापारी हक्क डोर्ना या स्पॅनिश कंपनीकडे गेले. शर्यत आता घरोघरी थेट दिसू लागली, तेव्हा माहितीपटाला तिच्याबाहेरचे काही दाखवणे भाग पडले. मार्क नील यांच्या २००३ च्या ‘फास्टर’मध्ये व्हॅलेंतिनो रॉसी आणि मॅक्स बियाजी यांच्या वैराइतकेच महत्त्व मोडलेल्या हाडांना आणि स्वारांना पुन्हा उभे करणाऱ्या डॉक्टर क्लाउदिओ कोस्टा यांना आहे. निवेदन इवान मॅकग्रेगर यांचे.

आखातात जागतिक अजिंक्यपदाची फेरी २००४ साली कतारच्या लुसैल येथे आली आणि २००८ पासून तेथे दिव्यांच्या उजेडात रात्री होऊ लागली. २०१० च्या हंगामाचा आरंभ तेथेच रॉसींच्या विजयाने झाला. जूनमध्ये इटलीतील मुजेल्लो येथे सरावात त्यांचा पाय मोडला. जुलैत ते जर्मनीत परतले आणि चौथे आले. हे पुनरागमन नील यांच्या २०११ च्या ‘फास्टेस्ट’चा मुख्य धागा आहे.

२०११ सालच्याच ‘टीटी थ्रीडी: क्लोजर टू द एज’ने गोष्ट पुन्हा आयल ऑफ मॅनवर नेली. २०१० च्या टीटीत इयन हचिन्सन यांनी एका आठवड्यात पाच शर्यती जिंकल्या, तर पॉल डॉब्स यांचा मृत्यू झाला. चित्रपट स्वार गाय मार्टिन यांच्या मागे फिरतो, पण डॉब्स यांच्या पत्नीलाही बोलू देतो. चिमुकल्या डिजिटल कॅमेऱ्यांमुळे गाडीवरून दिसणारा रस्ता तोवर नेहमीचाच झाला होता. नवलाई उरली होती ती घरच्यांच्या बोलण्यात.

२०१५ च्या ‘हिटिंग द एपेक्स’मध्ये नील यांनी सहा स्वार घेतले, त्यांतले मार्को सिमोनचेल्ली २०११ मध्ये मलेशियातील शर्यतीत मरण पावले होते. २०२२ साली ‘मोटोजीपी अनलिमिटेड’ ही आठ भागांची मालिका अ‍ॅमेझॉन प्राइमवर आली आणि २०२१ च्या हंगामातील गॅरेज, करार व दुखापती भागाभागांनी मांडल्या गेल्या. एका स्वाराच्या हंगामाभोवती ब्राउन यांनी उभी केलेली चौकट मालिकेत अनेक संघांवर पसरली.