इराण्याच्या हॉटेलातला गलका

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द, केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री इराण्यांनी मुंबईत चहाची हॉटेले थाटली. धोबी तलावचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे. अनेक हॉटेले कोपऱ्यावर, दोन रस्त्यांना उघडी; ट्रामची घंटा थेट आत येई. उंच छत, आरसे, संगमरवरी टेबले, लादी: आवाज शोषून घेणारे जवळजवळ काहीच नाही. कपबशांचा खणखणाट घुमत राही. त्यातच वेटर बिलाचा आकडा गल्ल्यावर ओरडून सांगे, आणि गोंगाट वाढला की त्याचाही स्वर चढे. पुढे काही ठिकाणी ज्यूकबॉक्स आले. तरी हा गलका उपयोगाचाच होता: शेजारच्या टेबलावरचे बोलणे त्यात बुडून जाई, म्हणून गर्दीतही खासगी गप्पा निर्धास्त चालत. १९६४ मध्ये मुंबईची ट्राम बंद झाली आणि या गलक्यातली तिची घंटा थांबली.