इंटरनेट सेवादात्याच्या दायित्वाची कुळकथा

एकाने केलेल्या कॉपीराइटभंगाबद्दल दुसऱ्याला जबाबदार धरण्याचे तत्त्व इंटरनेटहून बरेच जुने असून, अमेरिकेत त्याची मुळे नृत्यगृहांच्या खटल्यांत सापडतात. परवानगीविना गाणी वाजवणारे वादक कंत्राटावर आलेले असले, तरी ज्याचे कार्यक्रमावर नियंत्रण आहे आणि ज्याला त्यातून नफा मिळतो, तो नृत्यगृहाचा मालकही उत्तरदायी ठरतो, असा निवाडा १९२९ साली झाला. उलट, केवळ ठरलेले भाडे घेणारा आणि आतल्या व्यवहाराची कल्पना नसलेला जागामालक या जबाबदारीतून सुटत असे. ग्राहकांना इंटरनेटशी जोडून देणारी कंपनी यांपैकी कोणत्या मालकाच्या पंक्तीत बसते, हा प्रश्न पुढे १९९०च्या दशकात उभा राहिला.

१९९५ साली कॅलिफोर्नियात, नेटकॉम या इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीवरील खटल्यात तो ऐरणीवर आला. सायंटॉलॉजी पंथाच्या एका माजी धर्मसेवकाने पंथसंस्थापकाचे लेखन ऑनलाइन चर्चागटात टाकले आणि त्याची प्रत नेटकॉमच्या संगणकांवर ११ दिवस राहिली. प्रत्येक मजकूर आधी तपासणे अशक्य आहे, शिवाय या एका माणसाला रोखायचे तर तो ज्या लहान सेवेमार्फत येतो तिच्या शेकडो सभासदांची जोडणी तोडावी लागेल, असे कंपनीचे म्हणणे होते. यंत्रणेत आपोआप उमटणारी प्रत ही कंपनीची स्वतःची कृती नव्हे, हे न्या. रोनाल्ड व्हाइट यांनी मान्य केले. मात्र भंगाची माहिती मिळाल्यावर आणि साधा उपाय हाताशी असतानाही स्वस्थ बसणाऱ्यावर भंगाला हातभार लावल्याचा ठपका येऊ शकतो, असेही त्यांनी ठरवले.

१९९८च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने हाच विचार कलम ५१२मध्ये विस्ताराने मांडला. निव्वळ वहन करणाऱ्या सेवेला त्यात सशर्त संरक्षण मिळाले. ग्राहकांचा मजकूर साठवणाऱ्याने नोटीस मिळताच तो हटवावा, ग्राहकाला प्रतिनोटीस देता यावी आणि वारंवार भंग करणाऱ्याची सेवा योग्य परिस्थितीत बंद करण्याचे धोरण सेवादात्याने ठेवावे, अशी व्यवस्था झाली.

भारतात २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये, दुवा वा प्रवेश देताना होणाऱ्या तात्पुरत्या साठवणुकीला असेच संरक्षण दिले. लेखी तक्रारीनंतर २१ दिवस प्रवेश थांबवावा आणि तेवढ्यात न्यायालयाचा आदेश न आल्यास तो पुन्हा खुला करता यावा, ही या संरक्षणाची अट आहे. या मुदतीचे मोल मोठे आहे. कारण दायित्व माहितीवर अवलंबून ठेवले की तक्रारीलाच निकालाचे वजन येते, आणि ते वजन न्यायालयाच्या हाती परत न गेल्यास कायदेशीर अभिव्यक्तीही केवळ एका पत्राने बंद पडू शकते.