पठाणांची वंशावळ लिहिली गेली मलकापुरात

जऊळक्याहून बोलतोय. 'पठाण' म्हटलं की आपल्याला एकतर पानिपत आठवतं, नाहीतर सिनेमातला व्याजानं पैसे देणारा पठाण. पण त्यांच्या टोळ्यांची वंशावळ सांगणारा सगळ्यात गाजलेला जुना ग्रंथ लिहायला कुठं घेतला, माहीत आहे? आपल्या वऱ्हाडात! अकोल्याला गाडी बदलली की पुढं लागतं ते मलकापूर, तिथं.

साल 1612. जहांगीर बादशहाचा सरदार खानजहान लोदी मलिक अंबरशी लढायला दख्खनेत आला होता. त्याच्या पदरी नियामतुल्ला नावाचा लेखक होता. समाण्याच्या हैबतखानानं टोळ्यांची माहिती जमवून दिली आणि 1613 मध्ये बुऱ्हाणपुरात ग्रंथ पुरा झाला. नाव 'मखजन-ए-अफगानी', भाषा फारसी.

आता युद्धाच्या धामधुमीत वंशावळ कशाला? बघा, 1526 मध्ये बाबरानं दिल्ली घेतली ती इब्राहिम लोदीकडून. म्हणजे हरलेल्यांच्या जमातीचा माणूस जिंकणाऱ्यांच्या दरबारात चाकरी करत होता. तिथं ताठ उभं राहायचं, तर मागं मोठं कूळ दाखवावं लागतं.

म्हणून ग्रंथ सांगतो, सगळ्या पठाणांचा मूळपुरुष कैस. त्याची तीन मुलं: सरबन, बटन आणि घरघश्त. त्यांच्यापासून टोळ्या फुटल्या. कैसचं मूळ मात्र थेट इस्रायलच्या राजा तालूतपर्यंत नेलंय. इतिहासकार हे मानत नाहीत. पण आपल्याकडची घराणी सूर्यवंशी, चंद्रवंशी म्हणवतात, तसंच हे! भाटाच्या वहीतली पहिली नावं पुरावा म्हणून कमी आणि मान म्हणून जास्त वाचायची असतात.

त्या मानानं खानजहान वाचला नाही. शाहजहानशी बिनसलं, 1629 मध्ये त्यानं बंड केलं, निजामशहाकडे आसरा घेतला आणि 1631 मध्ये मारला गेला.

तिकडे 1613 मध्येच खुशालखान खटक जन्मला. त्यानं पश्तो भाषेत कविता लिहिली, औरंगजेबाची कैद भोगली आणि पुढं त्याच्याचविरुद्ध तलवार उचलली. एकानं दरबाराच्या भाषेत मान मागितला, दुसऱ्यानं स्वतःच्या भाषेत तो घेतला.

आणि घरघश्तच्या शाखेतली पन्नी टोळी? तिचेच इस्माईलखान आणि सलाबतखान पुढं अचलपूरचे नवाब झाले. म्हणजे पठाणांचा इतिहास नुसता काबूल-पेशावरचा नाही मंडळी, त्याची काही पानं आपल्या वऱ्हाडातली आहेत.